डक्टमधला आवाज आणि शेजारच्या काकूंची खिडकी

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात राहणाऱ्या एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: "बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही तीन टनांची, थंड आणि गरम अशी दोन्ही प्रकारची हवा देणारी डक्टची यंत्रणा बसवली. सासरे ७८ वर्षांचे आहेत, त्यांना दम्याचा त्रास आहे आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी त्यांना सोसत नाही. खर्च मुख्यतः त्यांच्यासाठीच केला. यंत्र सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि आता तेच म्हणतात, या घरघरीपेक्षा थंडी बरी. त्यांच्या खोलीत सहा इंची फ्लेक्सिबल डक्ट आली आहे. तिथल्या ग्रिलचा डॅम्पर, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी झडप, अर्धा बंद करून पाहिला, तर आवाज उलट वाढला. दार लावले की शिट्टी वाजते, म्हणून ते दार उघडे टाकून झोपतात. आउटडोअर युनिट दोन बंगल्यांमधल्या बोळात आमच्या भिंतीवर टांगले आहे. शेजारच्या काकूंच्या झोपायच्या खोलीची खिडकी तिथून दहा फुटांवर आहे. तीस वर्षांच्या शेजारात त्यांनी पहिल्यांदाच तक्रार केली. कंत्राटदार म्हणतो की डक्टवर रबराचा आणखी एक थर चढवू आणि बाहेरच्या युनिटला पेटी करू, तरीही भागले नाही तर चार टनांचे यंत्र घ्यावे लागेल, कारण हे ताणावर चालते. माघात मुलाची मुंज आहे आणि पीओपीचे काम आठवडाभरात संपवायचे आहे. सीलिंग बंद करू द्यावे का? यंत्र बदलावे का? की हे सगळे बंद ठेवून सासऱ्यांच्या खोलीत साधा हीटर लावावा?"

ताई, सर्वांत आधी पीओपीच्या कारागिरांना निरोप द्या. हॉल आणि मुलांच्या खोलीचे सीलिंग त्यांनी खुशाल बंद करावे, पण सासऱ्यांची खोली आणि पॅसेज या दोन जागा आहेत तशा उघड्या ठेवाव्यात. मुंजीला आलेल्या पाहुण्यांना दोन खोल्यांचे सीलिंग अपुरे दिसले तर काही बिघडत नाही. बंद केलेले सीलिंग पुन्हा फोडायचे झाले, तर मात्र धूळ सासऱ्यांच्याच छातीत जाईल आणि खर्चही दुप्पट होईल. तुमच्या पत्रावरून मला जे दिसते, त्यातले बरेचसे दोष याच दोन जागांमध्ये आहेत.

तुम्ही, तुमचा कंत्राटदार आणि बहुधा घरातील सर्वांनीच एक गोष्ट गृहीत धरली आहे. ती म्हणजे, आवाज यंत्र करते, म्हणून यंत्र झाकायचे किंवा बदलायचे. पण पत्रातील दोन वाक्ये, जी तुम्ही केवळ तक्रार म्हणून लिहिली आहेत, ती वेगळेच सांगतात. डॅम्पर अर्धा बंद केल्यावर आवाज वाढला आणि दार लावल्यावर शिट्टी आली. यंत्र तेच, त्याचा वेगही तोच, मग दार लावल्याने आवाज का बदलावा? खोलीतला आवाज मुख्यतः हवेचा आहे, आणि हवा आवाज करते आहे कारण तिला जायला पुरेशी वाट दिलेली नाही.

थोडा हिशोब करून पाहू. तीन टनांचे यंत्र साधारण १२०० घनफूट हवा दर मिनिटाला फिरवते, म्हणजे टनामागे सुमारे ४००. ही हवा हॉल आणि तीन खोल्यांत वाटली जाते. सासऱ्यांच्या खोलीच्या वाट्याला ३०० घनफूट येते असे धरू. सहा इंची डक्टमधून एवढी हवा नेण्यासाठी तिला मिनिटाला सुमारे १५०० फूट वेगाने पळावे लागते. हीच हवा दहा इंची डक्टमधून नेली तर वेग ५५० फुटांवर येतो. झोपायच्या खोलीकडे जाणाऱ्या शाखेत हा वेग ६०० फुटांच्या आत असावा असा सर्वसाधारण संकेत आहे. वाहत्या हवेचा आवाज वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तो त्याच्या कितीतरी पट वाढतो. वेग दुप्पट झाला की आवाजात साधारण १५ डेसिबलची भर पडते, आणि दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो. तुमच्या सासऱ्यांच्या उशाशी जे ऐकू येते आहे, त्याचे मूळ या चार इंचांच्या फरकात आहे असे मला वाटते.

डॅम्पर अर्धा बंद केल्यावर आवाज का वाढला, हेही यावरून कळेल. जेवढी फट उरली तेवढ्यातून हवा आणखी वेगाने जाऊ लागली, आणि तीही अगदी ग्रिलच्या तोंडाशी, खोलीच्या आत. डॅम्पर मुख्य डक्टपासून शाखा फुटते तिथे असावा, म्हणजे त्याचा आवाज वाटेत विरतो. ग्रिलमागचा डॅम्पर आता पूर्ण उघडा ठेवा.

शिट्टीचे कारणही तितकेच सरळ आहे. खोलीत ३०० घनफूट हवा येते, पण तिला यंत्राकडे परत नेणारी, म्हणजे परतीची जाळी खोलीत नाही. तुम्ही तसे लिहिले नसले तरी शिट्टीवरून ते स्पष्ट होते. दार लावल्यावर त्या हवेला बाहेर पडायला दाराखालची अर्धा इंच फट तेवढी उरते. अडीच फूट रुंद दाराखालून तेवढी हवा जायची झाली, तर तिचा वेग मिनिटाला २८०० फुटांच्या वर जातो, मग शिट्टी वाजणारच. आज रात्री एक प्रयोग करा. यंत्र चालू असताना दार चार बोटे उघडा आणि शिट्टी थांबते का पाहा. थांबली, तर दारावर किंवा दाराशेजारच्या भिंतीत हवा परत जाण्यासाठी साधारण २४ बाय १२ इंचांची जाळी हवी. मात्र अशा जाळीतून हॉलमधले बोलणे आणि टीव्हीचा आवाजही आत येतो. म्हणून सीलिंग उघडे आहे तोवर, खोलीच्या छतातून पॅसेजच्या छतात उतरणारा, आतून मऊ अस्तर लावलेला वळणाचा डक्ट करून घेणे अधिक चांगले. त्यातून हवा जाते आणि आवाज वळणावर अडतो. सासरे दार लावून झोपू शकतील, आणि या वयात आपल्या खोलीचे दार लावता येण्याचे मोल मोठे असते.

आता पॅसेजकडे या. सगळ्या घराची हवा यंत्राकडे परत जाण्यासाठी तिथे एकच जाळी असेल. तिची लांबी-रुंदी टेपने मोजा. २४ बाय १२ इंचांची असेल तर ती दोन चौरस फुटांची झाली आणि १२०० घनफूट हवा तिच्यातून मिनिटाला ६०० फूट वेगाने खेचली जाते. हा वेग ३०० ते ४०० फुटांच्या दरम्यान आणायचा तर तीन ते चार चौरस फूट जागा लागते, म्हणजे २४ बाय २४ इंचांची जाळी योग्य. जाळी थेट यंत्राच्या पोटाखाली असेल तर पंख्याचा आवाजही सरळ खाली उतरतो. जाळी आणि यंत्र यांच्यामध्ये निदान एक काटकोनी वळण आणि आतून अस्तर असलेली पेटी, जिला कारागीर प्लेनम म्हणतात, एवढी योजना करायला सांगा.

डक्टवर रबराचा आणखी एक थर चढवण्याचा प्रस्ताव मात्र नम्रपणे नाकारा. डक्टबाहेर लावतात ते काळे नायट्राइल रबर बंद छिद्रांचे असते. उष्णता अडवणे आणि उन्हाळ्यात डक्टवर पाणी सुटू न देणे हे त्याचे काम आहे, आणि ते काम ते उत्तम करते. आवाज शोषण्यासाठी उघड्या छिद्रांचे अस्तर लागते आणि ते डक्टच्या आत, हवेच्या बाजूला असावे लागते. हा फरक मी स्वतः फार उशिरा शिकलो. उमेदवारीच्या दिवसांत एका घरी मी सगळ्या डक्टवर दुप्पट जाडीचे रबर चढवले होते. घरच्यांचे पैसे गेले आणि आवाज तसूभरही कमी झाला नाही. अखेर परतीची जाळी मोठी केल्यावर घर शांत झाले. त्या कुटुंबाचा चेहरा आजही आठवतो, म्हणून हे इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

यंत्रापासून पुढच्या दहा फुटांत पत्र्याच्या डक्टला आतून २५ मिलिमीटर जाडीचे अस्तर लावले तर पंख्याचा आवाज बराच शोषला जातो. पण तुमच्या घरात दम्याचा रुग्ण आहे, हे इथे विसरून चालणार नाही. काचतंतूचे अस्तर घ्यायचेच असेल तर ज्याच्या पृष्ठभागावर तंतू सुटू न देणारे घट्ट आवरण आहे तेच घ्या. शक्य असेल तर तंतू नसलेल्या, उघड्या छिद्रांच्या फोमचे अस्तर निवडा. सफाईसाठी डक्टला झडप ठेवा. फिल्टर काढता येईल असे मोठे दार यंत्राखाली सीलिंगमध्ये ठेवायला विसरू नका. हे दार नसल्यामुळे वर्षानुवर्षे फिल्टर न धुतलेली घरे मी पाहिली आहेत. फिल्टर धुळीने भरला की हवेची वाट पुन्हा अरुंद होते आणि आवाज परत येतो.

फ्लेक्सिबल डक्ट दहा इंची घेतल्यावरही ती ताणून बसवली पाहिजे. सैल सोडलेल्या डक्टच्या आत चुण्या पडतात आणि त्या हवेला अडवतात. दर चार-पाच फुटांवर रुंद पट्ट्याचा आधार द्यावा. दोन आधारांमधला झोल फुटामागे अर्ध्या इंचाहून जास्त नसावा. वळण मोठ्या त्रिज्येचे असावे, नळी मुडपल्यासारखे नसावे.

यंत्राच्या थरथरीचा भागही तपासा, कारण तो हवेच्या आवाजाहून वेगळा असतो. हवेचा आवाज सूं-सूं किंवा सरसर असा येतो. थरथर छातीत जाणवणाऱ्या गुणगुणीसारखी असते आणि भिंतीला हात लावला की कळते. आतले युनिट ज्या सळ्यांना टांगले आहे, तिथे रबरी हँगर आहेत का? यंत्र आणि पत्र्याचा डक्ट यांच्यामध्ये कॅनव्हासचा जोड आहे का, की पत्रा थेट यंत्राला रिव्हेट केला आहे? डक्ट भिंतीतून जातो तिथे सिमेंटने घट्ट बसवला आहे का? तसे असेल तर भोवती थोडी जागा मोकळी करून ती रॉकवूल आणि सीलंटने भरावी. पहाटे यंत्र सुरू होताना पत्र्याचा कडकड असा आवाज येत असेल, तर तो गरम हवेने पत्रा प्रसरण पावल्याचा असतो. पत्र्याला आडवे-तिरपे दाब देऊन किंवा अँगल लावून तो ताठ केला की हा आवाज कमी होतो.

हे सगळे झाल्यावर एक गोष्ट अवश्य करून घ्या. अनेक डक्ट यंत्रांमध्ये पंख्याचा दाब निवडण्याची सोय असते. डक्ट अरुंद आहेत हे लक्षात आल्यावर तुमच्या कंत्राटदाराने तो सर्वांत वरच्या पायरीवर नेला असण्याची शक्यता आहे. वाट रुंद झाली की तो खाली आणायला सांगा, नाहीतर रुंद वाटेतूनही हवा धावतच राहील. पंख्याचा वेग एक पंचमांशाने कमी केला तरी सुमारे पाच डेसिबल कमी होतात.

चार टनांच्या यंत्राबद्दल माझे मत स्पष्ट आहे: घेऊ नका. त्याच डक्टमधून १२०० ऐवजी १६०० घनफूट हवा कोंबली जाईल आणि आवाज वाढेल. "यंत्र ताणावर चालते" या म्हणण्यालाही आधार दिसत नाही. अशा यंत्राची गरम करण्याची क्षमता बाहेर ७ अंश सेल्सिअस तापमान असताना मोजलेली असते. निफाडला काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली जातो हे खरे, पण नाशिक शहरातल्या बहुतेक रात्री त्या ७ अंशांपेक्षा उबदार असतात. आपल्याकडे यंत्राचा आकार एप्रिल-मेच्या उन्हावरून ठरतो, हिवाळ्यावरून नाही. इन्व्हर्टर यंत्र कमी वेगावर सलग चालले की ते शांतही असते आणि वीजही वाचवते. गरजेपेक्षा मोठे यंत्र वारंवार चालू-बंद होत राहते, आणि म्हातारी माणसे एकसारख्या आवाजाने तितकी जागी होत नाहीत जितकी आवाज बदलल्याने होतात.

ताणाचे कारण कदाचित वेगळेच असेल. तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक वेळा परतीच्या हवेत बसवलेला असतो. तुमचा पॅसेज जिन्याला उघडा असेल तर यंत्र जिन्यातली थंड हवा मोजते आणि सासऱ्यांची खोली केव्हाच गरम झाली तरी धावत राहते. भिंतीवरच्या वायर्ड रिमोटमधला सेन्सर वापरण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते. तो रिमोट सासऱ्यांच्या खोलीत हलवा आणि तापमान २० ते २२ अंशांवर ठेवा. २८ वर ठेवल्याने खोली लवकर गरम होते असे नाही, यंत्र केवळ जास्त वेळ पूर्ण वेगाने चालते.

इथे मला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो. सासऱ्यांना ऊब हवी ती रात्री, एका खोलीत, वर्षातले जेमतेम अडीच महिने. त्यासाठी रात्रभर चार खोल्यांची हवा फिरवण्याची गरज आहे का? त्यांच्या खोलीपुरते एक टनाचे, गरम-थंड करणारे वेगळे इन्व्हर्टर स्प्लिट बसवले, तर रात्री मोठे यंत्र बंद ठेवता येईल आणि ते दिवसा व उन्हाळ्यात सगळ्या घरासाठी वापरता येईल. त्याला वेगळे आउटडोअर युनिट लागेल आणि नवा खर्चही पडेल. म्हणून आधी डक्टची दुरुस्ती करा आणि त्यानंतरही समाधान झाले नाही तर या पर्यायाकडे वळा. ज्यांची यंत्रणा अजून बसायची आहे, त्या वाचकांनी मात्र वृद्धांची खोली सुरुवातीलाच वेगळी ठेवण्याचा विचार करावा.

साध्या हीटरविषयी. कॉइलचा हीटर एक युनिट विजेची एक युनिट उष्णता देतो, तर हीट पंप, म्हणजे तुमच्यासारखे गरम-थंड करणारे यंत्र, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आणत असल्यामुळे तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट देतो. लाल तापणारी कॉइल धूळ जाळते आणि दम्याच्या रुग्णाजवळ, अंथरुणाजवळ ती नको. दुरुस्ती होईपर्यंतच्या रात्रींसाठी मात्र तेल भरलेला रेडिएटर हा चांगला पर्याय आहे. त्यात पंखा नसतो, त्यामुळे तो जवळपास निःशब्द असतो. तो स्वतंत्र १६ अँपियरच्या सॉकेटवर लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको, आणि त्यावर कपडे वाळत घालू नका.

आता काकूंची खिडकी. आवाजाची ही बाजू तुम्ही पत्रात थोडी घाईने मांडली आहे, पण मला ती सासऱ्यांच्या झोपेइतकीच महत्त्वाची वाटते. तुमच्या खोलीत आवाज झाला तर तुम्ही यंत्र बंद करू शकता. काकूंच्या हातात ते बटण नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दिवसा ५५ ची. दहा फुटांवरच्या, दोन भिंतींमध्ये कोंडलेल्या युनिटला रात्रीची मर्यादा पाळणे कठीण जाते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. बोळात तो दोन्ही भिंतींवर आपटून परत येतो आणि तितका उतरत नाही. त्यातून तुमचे युनिट भिंतीवर टांगलेले असल्याने तुमचीच भिंत ढोलासारखी थरथरते.

पेटी करण्याने हे सुटणार नाही. बाहेरच्या युनिटला भरपूर मोकळी हवा लागते. पेटीत तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. हिवाळ्यात ती अधिकाधिक थंड होत जाते, कॉइलवर बर्फ धरण्याची वेळ येते आणि कंप्रेसर व पंखा जोरात पळू लागतात. आडोसा करायचाच झाला तर तो तिन्ही बाजूंनी नव्हे, फक्त खिडकीच्या बाजूने, जड आणि फट नसलेला, युनिटकडच्या अंगाला शोषक अस्तर असलेला, आणि कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले अंतर राखूनच उभा करावा. खिडकीतून युनिट दिसत असेल तर आडोशाचा उपयोग नाही.

माझी पसंती युनिट गच्चीवर नेण्याला आहे. तिथे ते झोपायच्या खोलीच्या स्लॅबच्या मधोमध ठेवू नका. तुळई किंवा कॉलमच्या जवळ, शक्यतो बाथरूम किंवा जिन्याच्या वर, जाड रबरी पॅड असलेल्या स्टँडवर ठेवा आणि त्याचा पंखा कोणाच्याही खिडकीकडे वळवू नका. तांब्याच्या पाइपची लांबी आणि आतल्या-बाहेरच्या युनिटमधली उंची किती चालते हे पुस्तिकेत दिलेले असते. लांबी वाढली तर गॅसही वजन करून वाढवावा लागतो. पाइप भिंतीला थेट क्लॅम्प करू नये, मध्ये रबर असावे. गरम करताना या युनिटमधून पाणी टपकते, त्याचीही वाट काढून द्या. अधूनमधून युनिट थांबून फुस्स असा आवाज येईल आणि वाफ दिसेल. तो बिघाड नसून कॉइलवरचा बर्फ वितळवण्याची क्रिया आहे. हे काकूंनाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या दचकणार नाहीत.

युनिट हलवायला काही आठवडे लागतील. तोवर त्यात रात्रीचा शांत मोड असेल तर तो १० वाजता सुरू करा. आणि एका रात्री, काकूंना विचारून, त्यांच्या खोलीत पंधरा मिनिटे दिवा मालवून बसा. घरून यजमानांनी यंत्र चालू-बंद करावे. फोनमधले आवाज मोजणारे ॲप नेमका आकडा देत नाही, पण चालू आणि बंद यांतला फरक त्यावरही दिसतो. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

त्याच रात्री आपल्या घरीही दार उघडे आणि बंद, डॅम्पर पूर्ण उघडा, पंखा प्रत्येक वेगावर, अशा नोंदी करा. परतीच्या जाळीचे आणि फ्लेक्सिबल डक्टचे माप त्याच कागदावर लिहा. हा कागद हातात घेऊन कंत्राटदाराशी बोला आणि डक्टमधला दाब मॅनोमीटरने मोजून दाखवायला सांगा. पहिल्यांदा केलेले काम बदलायला कोणालाही जड जाते, म्हणून दोष देण्याऐवजी मापांवरून बोललात तर तोही ऐकेल असे मला वाटते. दहा इंची डक्ट, परतीची मोठी जाळी आणि खोलीतून हवा परत जाण्याची वाट ही तीन कामे झाल्यावर सासऱ्यांना दार लावून तीन रात्री तिथे झोपू द्या, आणि त्यांनी होकार दिल्यावरच त्या खोलीचे सीलिंग बंद करा.